एका अक्षराची चूक

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता ज्या ठिकाणी मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदून जातो, त्या ठिकाणी कडोदरा हे गाव आहे. गाव म्हणण्यापेक्षा आता त्याला लहानसे औद्योगिक नगरच म्हणावयास हवे. चौफुलीवर रात्रंदिवस मालमोटारींची रीघ, आणि आसपास कापडाचे माग, रंगाईचे व छपाईचे कारखाने. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे सुरतेच्या या पट्ट्यात मागांच्या खडखडाटावरच आपला संसार चालवीत आहेत.

परंतु या खडखडाटापलीकडे पाऊल टाकले की उसाचे मळे लागतात. जवळच चलथाणचा आणि थोड्या अंतरावर बारडोलीचा सहकारी साखर कारखाना आहे. हिवाळा लागला म्हणजे डांगच्या डोंगरांतून, तसेच आपल्या नंदुरबार-धुळ्याकडून आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी येथे उतरतात. पहाटेच्या थंडीत नवरा कोयता चालवितो, बायको मोळी बांधते, आणि पाचटाच्या कडेला गोधडीत गुंडाळलेले लेकरू पडून असते. त्यांतले एखादे लेकरू वारंवार तापाने फणफणते, त्याचे हातपाय सुजतात, हाडे ठणकतात, अंग पांढुरके पडते. कोणी म्हणते दृष्ट लागली. कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. कोणी सुनेच्या पायगुणाला बोल लावते.

वाचकहो, त्या लेकराच्या रक्तात नेमके काय घडत असते, हे समजून घ्यावयाचे असेल तर आपल्याला कडोदऱ्याच्या मागापाशीच थोडा वेळ उभे राहावे लागेल. कारण तुमच्या आमच्या शरीरातही असेच माग अहोरात्र चालू असतात, आणि त्यांच्यावर जे विणले जाते त्याचेच नाव जीवन.

मागावरचा पुठ्ठा

साडीच्या काठावर कोयरी किंवा मोर उठतो तो कसा? फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड या कारागिराने १८०४ च्या सुमारास यासाठी एक युक्ती सिद्ध केली. नक्षीप्रमाणे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ मागावर चढवावयाची. जेथे भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाईल. जेथे नसेल तेथे तो खालीच राहील. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा सरकत जातो आणि ओळीमागून ओळ विणली जाते. अलीकडे पुठ्ठ्यांऐवजी संगणकातून हुकूम सुटतात. पण तत्त्व तेच राहिले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागाला मोर ठाऊक नसतो. पुठ्ठा जे सांगेल तेवढेच तो करतो. पुठ्ठ्यात एक भोक चुकीच्या जागी पडले तर माग काही थांबून विचारीत नाही. तीच चूक तो प्रत्येक मोरात आणि प्रत्येक साडीत, मोठ्या इमानाने उतरवीत जातो. चूक विणकराची नसते व धाग्याचीही नसते. ती मुळातल्या लिखितातच असते.

पेशी नावाचा कारखाना

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशी इतकी लहान की साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. तरीही प्रत्येक पेशी हा एक परिपूर्ण कारखाना आहे, आणि त्या कारखान्याचा मुख्य माल म्हणजे प्रथिने. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, मासळी यांचीच आठवण होते. परंतु आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिने कामाला जुंपलेली असतात. स्नायू आकुंचन पावतात ते प्रथिनांच्या बळावर. अन्न पचविणारी पाचके ही प्रथिने. रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये ही प्रथिने. आणि फुप्फुसातील प्राणवायू बोटांच्या टोकापर्यंत नेऊन पोचविणारे रक्तातले हिमोग्लोबिन, तेही प्रथिनच.

प्रत्येक प्रथिन हे मण्यांच्या माळेसारखे असते. या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात, आणि ते सारे मिळून वीस प्रकारचे आहेत. आपण वरणभात खातो, तेव्हा पोटात डाळीची प्रथिने तुटून त्यांचे मणी सुटे होतात आणि रक्तावाटे पेशींकडे जातात. पेशी त्यांतूनच आपल्याला हवी ती नवी माळ ओवते. काही मणी शरीराला स्वतः घडविता येत नाहीत; ते अन्नातूनच यावे लागतात. त्यांपैकी जो भातात कमी असतो तो डाळीत पुष्कळ असतो, आणि जो डाळीत कमी तो भातात मिळतो. आपल्या आजीबाईंनी रसायनशास्त्र न शिकताच वरण आणि भात यांची गाठ घालून दिली, ती अशी सार्थ होती.

मणी कोणत्या क्रमाने ओवावयाचे हे मात्र लिहून ठेवलेले असते, आणि ते लिखित असते पेशीच्या मध्यभागी, केंद्रकात. केंद्रकामध्ये ४६ गुणसूत्रे असतात. त्यांतील २३ आईकडून आलेली व २३ बापाकडून आलेली. गुणसूत्रात डीएनए नावाचा अतिशय लांब दुपदरी धागा गुंडाळलेला असतो. पीळ घातलेल्या शिडीसारखी त्याची घडण असते. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण चित्रांच्या आधाराने वॉटसन व क्रिक या दोघांनी १९५३ मध्ये ती जगापुढे मांडली. या शिडीवरील लिपीत अक्षरे अवघी चार आहेत. त्यांना ए, टी, जी आणि सी अशी नावे आहेत. आईकडून मिळालेल्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात, आणि तितकीच बापाकडून मिळालेल्या संचात. या अफाट ग्रंथातील जो परिच्छेद एखादे प्रथिन कसे ओवावे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. प्रथिनांची कृती सांगणारी अशी जनुके माणसामध्ये सुमारे वीस हजार आहेत.

निरोप्या, हमाल आणि माग

आता काम कसे चालते ते पाहू. कारखान्याचा मालक मूळ नक्षी कधी मागावर नेत नाही. ती कचेरीच्या कपाटात सुरक्षित ठेवून तिची नक्कल तेवढी खाली पाठवितो. पेशीही हेच करते. हव्या त्या जनुकापाशी डीएनएची शिडी थोडी उकलते आणि तेथील मजकुराची एक एकपदरी नक्कल तयार होते. या नकलेला आरएनए म्हणतात, आणि तिच्यात टी या अक्षराच्या जागी यू हे अक्षर येते. नकलेतील बिनकामाचे तुकडे कापून काढले जातात, उरलेले सांधले जातात, आणि मग ही चिठ्ठी केंद्रकाबाहेर पडते. ती निरोप घेऊन जाते म्हणून तिला निरोप्या आरएनए म्हणावे.

केंद्रकाबाहेर तिची वाट पाहत असतात ते माग, म्हणजेच रायबोसोम. रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान व एक मोठा. चिठ्ठी त्यांच्या मधून सरकत जाते आणि रायबोसोम तिच्यावरील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचीत जातो. प्रत्येक त्रिकूट एका मण्याचे नाव असते. मणी आणून देण्यासाठी लहान लहान हमाल असतात. त्यांना टी-आरएनए म्हणतात. प्रत्येक हमालाच्या एका टोकाला त्याचा ठरलेला मणी असतो व दुसऱ्या टोकाला तीन अक्षरांची खूण असते. चिठ्ठीवरील त्रिकुटाशी ज्याची खूण जुळेल तोच हमाल आत येतो, आपला मणी माळेला जोडून देतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. एयूजी हे त्रिकूट आले की आरंभ करावयाचा. यूएए, यूएजी किंवा यूजीए यांपैकी एखादे आले की थांबावयाचे. आपल्या पेशींत एक रायबोसोम दर सेकंदाला पाच-सहा मणी ओवतो. म्हणजे शे-दीडशे मण्यांची माळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुरी होते!

माळ ओवून झाली म्हणजे ती तशीच लोंबकळत राहत नाही. मण्यांचे स्वभाव निरनिराळे असतात. काहींना पाण्याची आवड, काहींना तिटकारा. काही एकमेकांना ओढतात, काही दूर लोटतात. त्यामुळे माळ आपोआप दुमडते, वळते आणि विशिष्ट आकार घेते. त्या आकारावरच प्रथिनाचे काम अवलंबून असते. येथे मात्र कापडाची उपमा अपुरी पडते. कारण मागावरचे कापड सपाटच राहते, आणि ही माळ स्वतःच्या गुणाने आपली घडी घालून घेते.

लिपी कशी वाचली गेली

कोणते त्रिकूट कोणत्या मण्याचे, हे माणसाला कळले तरी कसे? अमेरिकेत १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी नुसत्या यू या एकाच अक्षराची लांब चिठ्ठी पेशींच्या रसात घातली. तयार झालेली माळही एकाच मण्याची निघाली. तो मणी फेनिलअलॅनिन. अज्ञात भाषेतला पहिला शब्द असा उलगडला.

पुढच्या कामात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. हरगोविंद खुराना यांचा जन्म १९२२ चा, पंजाबातील रायपूर नावाच्या खेड्यातला. ते खेडे आज पाकिस्तानात आहे. जेमतेम शंभर वस्तीच्या त्या गावी त्यांचे वडील पटवारी होते, आणि लिहितावाचता येणारे घर बहुधा तेवढे एकच होते. त्या घरातल्या मुलाने पुढे ठराविक अक्षरे पुनःपुन्हा येतील अशा चिठ्ठ्या प्रयोगशाळेत स्वतः रचल्या. उदाहरणार्थ, यूसीयूसीयूसी अशी चिठ्ठी दिली की सेरिन आणि ल्युसिन हे दोन मणी आळीपाळीने ओवले जात. अशा रीतीने चौसष्टच्या चौसष्ट त्रिकुटांचा अर्थ लागला. १९६८ चे नोबेल पारितोषिक खुराना, निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना मिळून देण्यात आले.

आणि तो माग? रायबोसोमची अंतर्गत रचना अणू-अणूनिशी दिसावयास आणखी तीसएक वर्षे लागली. त्या शोधासाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले एक वेंकटरामन रामकृष्णन. त्यांचा जन्म तमिळनाडूतील चिदंबरमचा, पण बालपण बडोद्यास गेले, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. कडोदऱ्याच्या चौफुलीवरून जो महामार्ग उत्तरेला जातो तोच पुढे बडोद्याला पोचतो. या शोधाचा उपयोग आपल्या घरातल्या औषधाच्या कपाटापर्यंत आलेला आहे. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन, तसेच टेट्रासायक्लिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी औषधे रोगजंतूंचे माग बंद पाडतात. जंतूंच्या मागाची घडण आपल्या मागाहून वेगळी असते, म्हणूनच ही औषधे त्यांना मारतात आणि आपल्याला तारतात.

सहावा मणी

आता आपण त्या उसाच्या फडातल्या लेकराकडे परत येऊ.

तांबड्या रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. निरोगी मोठ्या माणसात सेकंदाला सुमारे वीस लाख. त्या प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे जवळजवळ २७ कोटी रेणू ठासून भरलेले असतात. पक्व होताना ही पेशी आपले केंद्रकही टाकून देते. हिमोग्लोबिनला अधिक जागा मिळावी म्हणून जणू ती आपली कचेरीच मोडते. हिमोग्लोबिनचा एक रेणू चार माळांचा असतो. त्यांतील दोन आल्फा माळांत प्रत्येकी १४१ मणी असतात, आणि दोन बीटा माळांत प्रत्येकी १४६. प्रत्येक माळेच्या कुशीत लोहाचा एक अणू बसविलेला असतो. तोच प्राणवायू धरून ठेवतो.

बीटा माळेची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. तिचे पहिले मणी क्रमाने असे: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, आणि सहावा ग्लुटामिक आम्ल. या सहाव्या मण्याचे त्रिकूट जीएजी असे आहे. काही माणसांच्या जनुकात मात्र मधल्या ए च्या जागी टी आलेला असतो. जीएजीचे होते जीटीजी. जीटीजी म्हणजे व्हॅलिन. म्हणून सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन ओवला जातो. बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे!

एका अक्षराने एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. घरी चिठ्ठी लिहिताना ‘दूध आण’ या ऐवजी ‘दूत आण’ असे लिहिले गेले, तर काय होईल? प्रत्येक चूक अशी घातक नसते हेही खरे. याच त्रिकुटातील शेवटच्या जी च्या जागी ए आला असता तर काहीच बिघडले नसते. कारण जीएए हेही ग्लुटामिक आम्लाचेच नाव आहे. परंतु येथे मधले अक्षर बदलले, आणि पाण्याशी सलोखा राखणारा मणी जाऊन पाण्याचा तिटकारा असलेला मणी त्या जागी बसला. रेणूने प्राणवायू सोडला की हा व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या एका खोबणीत जाऊन रुततो. त्या शेजाऱ्याचा पुढच्यात, पुढच्याचा त्याच्याही पुढच्यात. पाहता पाहता लांब ताठर दोर तयार होतात. एरवी मऊ आणि वाटोळी असणारी रक्तपेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते.

अशी पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मागचे रक्त तुंबते, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्याच्या आकाराची पेशी दहावीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सदैव कमी. थंडी, तहान, ताप व अतिश्रम यांनी हे सारे अधिकच बळावते. हिवाळी पहाट, कोरडा घसा आणि पाठीवर उसाची मोळी. या रोगाला याहून अनुकूल परिस्थिती ती कोणती?

या रोगाचे नाव सिकलसेल. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी ते हिमोग्लोबिन तोडून त्याचे तुकडे कागदावर पसरून तपासले, आणि १९५६-५७ च्या सुमारास तो एकच चुकलेला मणी शोधून काढला. भारतात हा रोग प्रथम नीलगिरीच्या आदिवासींत १९५२ साली आढळला. पुढे १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांची माहिती प्रसिद्ध केली. दक्षिण गुजरातेतील चौधरी, गामित, वसावा, हळपती, कुकणा, धोडिया या समाजांत, आणि आपल्याकडे नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत तो विशेष दिसतो. तेथील काही जमातींत तर शंभर माणसांमागे पंधरा-वीस वाहक आढळले आहेत.

दोष कोणाचा?

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. एकाच प्रतीत ही चूक असेल तर ते माणूस वाहक ठरते. त्याची दुसरी प्रत शाबूत असल्याने पुरेसे चांगले हिमोग्लोबिन विणले जाते, आणि सामान्यतः तो आयुष्यभर धडधाकट राहतो. दोन्ही प्रतींत चूक असेल तरच रोग होतो. म्हणजे रोगी मुलाला एक चुकलेली प्रत आईने दिलेली असते आणि एक बापाने. एकट्या सुनेला दोष देणारे घर अर्धेच सत्य पाहत असते. उरलेले अर्धे त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या रक्तात असते.

ही वाटणी कशी होते याचा नियम प्रथम सांगितला तो ब्रनो येथील मठातील ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन धर्मगुरूने. मठाच्या बागेत वाटाण्याची झाडे वाढवून त्याने १८६५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, आणि ते जगाला कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. नियम सोपा आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारांत एक शक्यता रोगाची, चारांत दोन वाहक होण्याची आणि चारांत एक पूर्णपणे मुक्त असण्याची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असे मुळीच नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते.

मग ही चूक इतकी टिकली तरी कशी? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, एकच चुकलेली प्रत असणाऱ्या वाहकाला घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानावनात मलेरियाने पिढ्या कापून काढल्या, तेथे वाहक तगले आणि त्यांची मुलेबाळे वाढली. तेव्हा हे अक्षर म्हणजे कोणाच्या पापाची निशाणी नव्हे, की शाप नव्हे. ते एका जुन्या झुंजीचे ओझे आहे, आणि ते वाहणाऱ्यांनी मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या हाती काय आहे

चूक जन्मापूर्वीच लिहिलेली असली तरी आपण हात बांधून बसावे असे मुळीच नाही.

पहिली गोष्ट तपासणीची. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबाने प्राथमिक परीक्षा होते. रक्त घातलेले द्रावण गढूळ झाले की संशय घ्यावयाचा, आणि मग प्रयोगशाळेतील चाचणीने वाहक की रोगी हे निश्चित करावयाचे. गुजरात सरकारने २००६ मध्ये दक्षिण गुजरातेत यासाठी कार्यक्रम सुरू केला. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम आरंभिली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन साधणे, असे तिचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. तपासणी झाली की निकालाचे कार्ड मिळते. ते कार्ड रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावे.

दुसरी गोष्ट विवाहाची. आपल्याकडे लग्न ठरविताना घराणे पाहतात, शिक्षण पाहतात, जमीनजुमला पाहतात. ज्या भागात हा रोग आहे तेथील मुलामुलींनी बोलणी पक्की होण्यापूर्वीच एकमेकांची कार्डे पाहावीत. वाहक आणि मुक्त यांच्या विवाहाला कोणतीच आडकाठी नाही. त्यांच्या मुलांना हा रोग होणार नाही, फार तर ती वाहक होतील. दोघेही वाहक असतील तर मात्र पुढच्या चारांतल्या एका शक्यतेचा विचार डोळे उघडे ठेवून, डॉक्टरांशी बोलून करावा. लग्नमांडवात लाजेखातर झाकून ठेवलेले कार्ड पुढे पाळण्यापाशी उघडे पडते, आणि त्या वेळी त्याची किंमत लेकराला मोजावी लागते.

तिसरी गोष्ट रोग्याच्या सेवेची. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताने रोग जन्मतःच ओळखता येतो, आणि ते करून घेणे फार हिताचे असते. कारण पहिले काही महिने बाळ अगदी ठणठणीत दिसते. गर्भात असताना बीटा माळेऐवजी गॅमा नावाची दुसरीच माळ विणली जाते, आणि तिच्यात ही चूक नसते. जन्मानंतर तो जुना पुठ्ठा हळूहळू उतरविला जातो व नवा चढतो. तेव्हा सहाएक महिन्यांनी दुखणे डोके वर काढते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तो जुना, निर्दोष पुठ्ठा काही अंशी पुन्हा मागावर चढविते. त्याने वेदनांचे झटके पुष्कळच कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावयाचे असते. याशिवाय सर्व लसी वेळेवर द्याव्यात, फॉलिक आम्लाची गोळी चुकवू नये, पाणी भरपूर प्यावे आणि थंडीपासून जपावे. हा रक्तक्षय लोहाच्या उणिवेमुळे होत नाही, म्हणून दुकानातून लोहाचे टॉनिक आणून स्वतःच पाजू नये. ताप चढणे, छातीत दुखणे, दम लागणे, पोटाची डावी बाजू फुगून अंग एकाएकी पांढरे पडणे, किंवा एक हातपाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसताच भगताची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने कोणालाही तो होत नाही.

विज्ञानाने याहीपुढे पाऊल टाकले आहे. रोग्याच्याच मगजातील पेशी बाहेर काढून, त्यांच्या डीएनएत नेमका बदल करून, गर्भावस्थेतील तो निर्दोष पुठ्ठा पुन्हा चालू करणाऱ्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षीच्या डिसेंबरात मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. कोयता चालविणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम मोजताही यावयाची नाही. तोपर्यंत एक थेंब रक्त, एक कार्ड आणि एक गोळी हीच त्याची साधने. आणि ती सरकारी दवाखान्यातून मिळू शकतात.

कडोदऱ्याच्या कारखान्यात कापडात एकसारखी चूक दिसू लागली की शहाणा मुकादम विणकरावर ओरडत नाही. तो आधी पुठ्ठा तपासतो. आपल्या घरात एखादे लेकरू वरचेवर कण्हू लागले, तर आपणही तेच करावे. दृष्ट, बाधा आणि सुनेचा पायगुण हे सारे बाजूला ठेवावे. लेकराला उचलावे, आणि आईबाप दोघांनीही त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन आपापले बोट पुढे करावे.